दोन ग्लास आणि सव्वीस विहिरी

२३ ऑगस्ट, शनिवार. सकाळपासून आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. वारा पडलेला. उकाडा.

"मग चूक दाखवा ना, बाई. नुसतं 'हं' म्हणू नका."

अंबरीश तिडके हे म्हणाला तेव्हा दुपारचा दीड वाजून गेला होता. वझलवार बाईंच्या ओसरीवर आम्ही तिघंच होतो. बाई, तो आणि मी.

बाई पुन्हा म्हणाल्या, "हं."

बाई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यापासून त्या दर शनिवारी ओसरीवर सतरंजी घालतात आणि येईल त्याला 'आर' शिकवतात. आर ही आकडेमोडीची संगणकभाषा आहे. फी नाही, वयाची अट नाही, म्हणून मीही जातो. मी तालुक्याच्या पाणी प्रयोगशाळेत विहिरींचे नमुने गोळा करतो.

अंबरीश बाईंचा जुना विद्यार्थी. सगळ्यांत हुशार. शिकत होता तेव्हाही सतरंजीवर बसायचा नाही, खुर्ची ओढून घ्यायचा. पुढे पुण्याला गेला. पुरानंतर तहसीलमध्ये मदतकक्ष उघडला, तेव्हा आकड्यांचं सगळं काम त्याच्याकडे आलं.

आजही तो न विचारताच खुर्चीत बसला होता. टेबलावर त्यानं आणलेला संत्रा बर्फीचा डबा होता. बाईंनी तो उघडला नव्हता.

पुराची हकीकत इथे लिहून ठेवतो.

तीन आठवड्यांपूर्वी नाल्याला पूर आला आणि काठावरचं शेतीऔषधांचं एक गोदाम फुटलं. कीटकनाशकाचे डबे वाहून गेले. दुसऱ्या दिवशी चिचघाटला तीन बैल विहिरीचं पाणी पिऊन मेले. तेव्हापासून सव्वीस गावांच्या सव्वीस विहिरींवर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकलेल्या होत्या. लोक टँकरचं पाणी पीत होते.

मी प्रत्येक विहिरीचं पाणी अनेक दिवस बाटल्यांत भरून जिल्ह्याला पाठवलं. बाटलीवर गावाचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. निकाल थेट अंबरीशकडे आले.

सात विहिरींत विष होतं. कोणत्या सात, ते अंबरीशच्या तक्त्यात होतं.

त्या तक्त्यावरून सकाळपासून विहिरींच्या कठड्यांवर रंगाचे पट्टे मारले जात होते. लाल म्हणजे बंद. हिरवा म्हणजे चालू. चार वाजता हिरव्या विहिरींवरचे काटे काढायचे आणि टँकर थांबवायचे, असं ठरलं होतं.

"तहसीलदार साहेबांनी स्वतः फोन केला," अंबरीश म्हणाला. "म्हणाले, आठवड्याचं काम एका रात्रीत केलंस."

"उंबरटोला लाल आहे," बाई म्हणाल्या. तक्त्याचा कागद त्यांच्या मांडीवर होता.

"हो."

"उंबरटोला टेकडीवर आहे."

"जमिनीखालून पाणी कुठूनही कुठे जातं, बाई. ते भूजलवाले सांगतील. माझं काम आकड्यांचं."

"हं."

"पाहा, परत हं!" तो माझ्याकडे वळून हसला. "वासेकर काका, तुम्ही तरी सांगा. बाईंना अजून आपण पोरंच वाटतो."

मला टेकडीचं पटलं नव्हतं, पण त्याच्यासमोर बोलायची छाती नव्हती.

बाईंनी कागद टेबलावर ठेवला.

"निकाल आले ते कसे होते?"

"आडवे. तारखा खाली खाली, विहिरी वर. एका विहिरीला एक उभा रकाना. तहसीलला उलटं हवं होतं, एका विहिरीला एक ओळ. मग सगळं मोडून एकाखाली एक लांब केलं, प्रत्येक विहिरीचा सगळ्यांत मोठा आकडा काढला आणि पुन्हा आटोपशीर केलं." त्यानं चुटकी वाजवली. "तीन ओळी. तुम्ही महिनाभर शिकवायचात ते."

"गावांची नावं?"

"ती वेगळी ठेवली."

"का?"

"नावं आत घातली की तक्ता फिरवताना आकड्यांचाही मजकूर होऊन बसतो. तुम्हीच शिकवलंय."

"मग?"

"मग शेवटी लावली. शेजारी."

"कशावरून?"

"क्रमावरून. गावांची यादी होतीच की. एक ते सव्वीस."



"बोट ठेवलंस?"

अंबरीश मोठ्यानं हसला.

बाईंच्या वर्गात हा एक नेम आहे. कोणताही तक्ता फिरवण्याआधी मधल्या कुठल्या तरी एका नावावर बोट ठेवायचं. नाव आणि त्याचा आकडा मोठ्यानं वाचायचा. तक्ता फिरवून झाला की तेच नाव शोधायचं, पुन्हा बोट ठेवायचं, पुन्हा वाचायचं. नाव मधलंच हवं. पहिलं नाही, शेवटचं नाही.

"बाई, ती बालवाडी झाली," अंबरीश म्हणाला. "मी पहिली ओळ ताडून पाहिली. बरोबर. लाल विहिरी मोजल्या, सात. मूळ निकालातही सातच. चिचघाट पाहिलं. बैल मेले तेच गाव, आणि ते लालच आलंय. आता आणखी काय हवं?"

बाई उठल्या.

"वासेकर, तुमच्या पिशवीत काय आहे?"

"चिचघाटची राखीव बाटली, बाई. संध्याकाळच्या गाडीनं जिल्ह्याला जायची आहे."

"द्या."

मी दिली. बाटली सीलबंद होती. बाई ती घेऊन आत गेल्या. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. एकदा... मग पुन्हा एकदा.

त्या पितळेचं गोल ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात स्टीलचे दोन सारखे ग्लास होते. दोन्ही काठोकाठ भरलेले.

ताट त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवलं. बर्फीच्या डब्याची दोरी सोडून त्याखालची कागदाची पट्टी फाडली, तिच्या दोन चिठ्ठ्या केल्या. एकीवर लिहिलं, फिल्टर. दुसरीवर लिहिलं, चिचघाट.

एक चिठ्ठी त्यांनी टेबलावर ताटाच्या डावीकडे ठेवली. दुसरी उजवीकडे.

"हा माझ्या घरचा," त्या म्हणाल्या. "हा चिचघाटचा. दिसलं?"

"दिसलं."

"डोळे मीट. ताट फिरव."

"काय बाई..."

"संगणक तक्ता फिरवतो तेव्हा तू आत पाहतोस का? मीट डोळे."

त्यानं मान हलवली, माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या आणि डोळे मिटले. ताटाच्या काठाला धरून त्यानं एक जोराचा हिसका दिला. ताट घासत फिरलं. थोडं पाणी सांडलं. मीही तेव्हा ताटाकडे नाही, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

ताट थांबलं. एक ग्लास डाव्या चिठ्ठीसमोर आला, दुसरा उजव्या. अगदी आधीसारखं.

"उघड डोळे. उकाडा आहे. पाणी पी."

अंबरीशनं डाव्या चिठ्ठीकडे पाहिलं. फिल्टर. त्यानं तिच्यासमोरचा ग्लास उचलला.

मी जागेवरून अर्धा उठलो. बाईंनी माझ्याकडे न पाहता एक बोट वर केलं. मी तसाच थांबलो.

ग्लास त्याच्या ओठांपाशी गेला.

तिथे थांबला.

"बाई..."

"पी."

"चिठ्ठ्या टेबलावरच आहेत."

"हो."

"ताट फिरलं."

"हो."

"मग हा... कोणता?"

"ग्लास किती आहेत?"

"दोन."

"आधी किती होते?"

"दोनच."

"मोजणी जुळली. पी."

अंबरीशनं ग्लास खाली ठेवला. थोडं पाणी तक्त्याच्या कागदावर सांडलं. त्यानं ते पुसलंही नाही. मांडीवरचा लॅपटॉप उघडला.

आम्ही दोघं त्याच्या बोटांकडे पाहत राहिलो. रस्त्यावरून कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"विहिरींचे क्रमांक मी शेवटी काढून टाकले होते," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "साहेबांना नुसती नावं हवी होती. दिसायला सुटसुटीत. ते परत आणतो... हे..."

तो थांबला.

"वाच," बाई म्हणाल्या.

"एक."

"पुढे."

"दहा."

बाईंनी हातानंच पुढे वाच अशी खूण केली.

"अकरा... बारा... तेरा..."

झालं होतं ते असं. मूळ तक्त्यात क्रमांक रकान्यांच्या माथ्यावर होते. तक्ता मोडून लांब केला तेव्हा संगणकानं ते संख्या म्हणून वाचले नाहीत, मजकूर म्हणून वाचले. मजकूर ओळीनं लावताना पहिलं अक्षर पाहिलं जातं. त्यामुळे एकनंतर दहा आला, मग अकरा, आणि एकोणीसपर्यंत सगळे संपल्यावर दोन. अंबरीशच्या हातातली गावांची यादी मात्र एक, दोन, तीन अशीच होती. तीच त्यानं शेजारी चिकटवली.

पहिली ओळ बरोबर होती. दुसरीपासून खाली प्रत्येक आकडा दुसऱ्याच गावाच्या नावाशेजारी उभा होता.

चिचघाट लाल आलं होतं ते योगायोगानं. दुसऱ्याच एका विषारी विहिरीचा आकडा त्या नावाशेजारी आला होता.

"नावं क्रमांकाला बांध," बाई म्हणाल्या. "जागेला नको."

त्यानं पुन्हा केलं. या वेळी नावं क्रमांक जुळवून लावली. पडद्यावर नवा तक्ता आला. त्याचा हात लगेच खिशातल्या फोनकडे गेला.

"थांब," बाई म्हणाल्या. "बोट ठेव."

"बाई, वेळ नाहीये!"

"बोट ठेव."

त्यानं निकालांच्या मूळ तक्त्यात तेराव्या रकान्यावर बोट ठेवलं. गावांच्या यादीत तेरावं नाव पाहिलं. बोरडोह. सगळ्यांत मोठा आकडा वाचला. मग नव्या तक्त्यात बोरडोह शोधलं. पुन्हा बोट ठेवलं.

आकडा तोच होता.

"आता सांग."

"मोहदा, खैरटोला, सावळी टोली, बोरडोह." त्याच्या तोंडाला कोरड पडली होती. समोर दोन ग्लास भरलेले होते. "या चार विहिरींत विष आहे. आपण चारही हिरव्या केल्यात."

"आपण?" बाई म्हणाल्या.

"मी."

दोन वाजून गेले होते.

मोहद्याच्या ग्रामसेवकाचा फोन पहिल्याच वेळी लागला. अंबरीशनं आवाज मोठा केला, तो आम्हालाही ऐकू येत होता.

"काऊन जी? सकाळी तुम्हीच हिरवा सांगितला ना? रंग ओला आहे बाप्पा अजून."

"पुसून टाका. लाल मारा. काटे काढू नका."

"लाल संपला साहेब. तिकडं उंबरटोल्याला देला सगळा."

"मग काहीही लावा! शेंदूर लावा, चिखल लावा. पण काटे काढू नका. विष आहे त्या पाण्यात."



"माझ्या घरच्या तिथंच उभ्या आहेत," ग्रामसेवक म्हणाला आणि फोन बंद झाला.

सावळी टोलीत पट्टाच मारला नव्हता अजून. रंगवणारा जेवायला गेला होता.

खैरटोल्याच्या सरपंचांनी फोन उचलला तेव्हा मागे बायकांचा गलबला होता.

"रांग लागली आहे साहेब. मी सांगितलं तर मला मारतील. तुम्हीच सांगा." त्यांनी फोन कुणाच्या तरी हातात दिला.

"कोण बोलते?" एका बाईचा आवाज. "तीन आठवडे गढूळ पाजलं. आता हिरवा पट्टा मारला, अन् म्हणता पिऊ नका? थट्टा लावली का आमची?"



बाईंनी फोन घेतला. "मी म्हातारी मास्तरीण बोलते आहे, बाई. तुमच्या विहिरीत विष आहे. पाणी काढू नका."

"मग हिरवा काऊन केला?"

बाईंनी फोन अंबरीशच्या कानाशी धरला.

"सांग त्यांना."

"मी... मी चुकलो," तो म्हणाला. "नावं चुकीची लावली. तुमचं पाणी दुसऱ्याच्या नावावर गेलं."

तिकडे ती बाई मोठ्यानं ओरडली. आम्हाला वाटलं त्याला शिव्या देतेय. पण ती रांगेवर ओरडत होती. "हटा गं! घागरी पालथ्या घाला!"

बोरडोह राहिलं.

बोरडोहचा फोन लागेना. पुन्हा लावला. पुन्हा. मग मला आठवलं, पुरात तिकडचा टॉवर गेला होता. सकाळी यादी घेऊन माणूस गेला होता तो मोटारसायकलवर.

"वासेकर, गाडी आहे ना?" बाईंनी विचारलं. "निघा. मी १०८ ला सांगते."

अंबरीश माझ्यामागे बसला. चप्पल घालायची राहिली होती, ते रस्त्यात माझ्या लक्षात आलं.

बोरडोहचा रस्ता नाल्याच्या कडेनं जातो. पुरानं तो जागोजाग खाल्ला होता. मला वेगानं चालवता येत नव्हतं आणि हळू चालवण्याची भीती वाटत होती.

वाटेत चिचघाट लागलं. कठड्यावर लाल पट्टा, काटे जागच्या जागी. त्याच्या पुढच्या गावात हिरवा पट्टा. एक मुलगी कठड्याला टेकून उभी होती.

"काका, हा हिरवा खरा का?" अंबरीशनं मागून विचारलं.

"मला काय माहीत? तक्ता तुझ्याकडे."

त्यानं माझ्या पाठीमागे लॅपटॉप उघडायचा प्रयत्न केला. गाडी खड्ड्यात आदळली. तो ओरडला, "खरा आहे! हा खरा आहे, चला!" पुढच्या गावातही त्यानं तेच विचारलं. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक पट्ट्यापाशी माझ्या खांद्यावरचा त्याचा हात घट्ट व्हायचा.

बोरडोहची विहीर गावाच्या तोंडाशीच आहे. लांबूनच दिसलं.

काटे बाजूला पडले होते.

टँकर आज आलाच नव्हता, म्हणून लोकांनी चारची वाट पाहिली नव्हती. कठडा ओला होता. दोरही ओला. हिरवा पट्टा नवा कोरा, कडा सरळ. कुणी तरी काळजीनं मारला होता.

विहिरीवर कुणीच नव्हतं. पाणी भरून लोक घरी गेले होते.

अंबरीश धावला. पहिल्या घरात शिरून त्यानं ओट्यावरची घागर आडवी केली. "ए पोट्ट्या, काय करते?" घरची बाई खराटा घेऊन अंगावर आली. एक तडाखा त्याच्या पाठीवर बसलाही. तो तसाच ओरडत राहिला. "विष आहे! पिऊ नका, विष आहे!" मी दुसऱ्या आळीनं ओरडत गेलो. कुणी पातेली चुलीवरून उतरवली. एका घरात डाळ शिजून झाली होती, पण ताटं वाढलेली नव्हती.

शेवटच्या घरासमोर खाटेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. शेजारी जमिनीवर लोटा होता.

अंबरीशनं लोटा उचलला. उलटा केला. त्यातून काही पडलं नाही.

"बस रे बापू," म्हातारे म्हणाले. "एवढा काऊन धावते?"

"बाबा, पाणी प्यायलात?"

"प्यालो ना. दोन लोटे." त्यांनी तोंड पुसलं. "टँकरचं घशाखाली उतरत नव्हतं. आज आपल्या विहिरीचं आलं. गोड लागलं."

अंबरीश रिकामा लोटा हातात धरून उभा राहिला. मी त्याला हाक मारली. त्यानं ऐकलं नाही.

१०८ची गाडी आली तेव्हा म्हाताऱ्यांना घाम फुटला होता आणि तोंडातून लाळ येत होती. आतल्या घरातून त्यांची सून आणि दोन नातवंडं आली. शेजारच्या घरातून आणखी दोघं. अंबरीश गाडीत चढला. त्याला उतर म्हणून सांगितलं. तो उतरला नाही.

मी बाईंकडे परतलो तेव्हा दिवे लागले होते. ताट टेबलावर तसंच होतं. चिठ्ठ्याही.

राखीव बाटली मला परत न्यायची होती. ती आत ओट्यावर, माठाशेजारी होती.

सील जसंच्या तसं होतं.

मी ती पिशवीत ठेवली. बाईंना काही विचारलं नाही.

६ सप्टेंबर, शनिवार. आभाळ मोकळं. ऊन. सकाळी थोडं धुकं.

मोहदा, खैरटोला आणि सावळी टोली इथं कुणीही पाणी प्यायलं नव्हतं. चारही विहिरींवर आता लाल पट्टा आहे. उंबरटोल्याची आणि आणखी तीन गावांची चांगली विहीर उगाच लाल झाली होती, ती हिरवी केली. तिथले लोक पंचायतीसमोर स्वतः पाणी पिऊन दाखवा म्हणाले. तहसीलदारांनी पिऊन दाखवलं.

बोरडोहहून सहा जणांना दवाखान्यात नेलं. पाच जण बुधवारी घरी आले. सहावे गणपत मडावी, वय एकाहत्तर, रविवारी पहाटे गेले.

अंबरीशचं काम काढून घेतलं. तो तेरा दिवस बोरडोहला होता. मडाव्यांच्या घरी नाही, त्यांनी घेतलं नाही. शाळेच्या व्हरांड्यात. तहसीलचा टँकर आला की रांग लावायचा.

आज वर्गात आम्ही सात जण होतो. बाई फळ्यावर एक छोटा तक्ता काढत होत्या. आम्ही मधल्या नावावर बोट ठेवून वाचत होतो.

अंबरीश पायरीशी येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली. खुर्ची भिंतीपाशी रिकामी होती. त्यानं तिकडे पाहिलं नाही.

सतरंजीवरचा एक जण सरकला. बाईंनी त्याला हातानंच थांबवलं.

त्या आत गेल्या. ग्लासभर पाणी आणून त्यांनी ओसरीच्या कठड्यावर, अंबरीशसमोर ठेवलं.

"चालत आलास. पी."

तो ग्लासाकडे पाहत राहिला. ऊन चढलं होतं.



"बाई," तो म्हणाला, "हे कुठलं पाणी?"

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला.

"ये," त्या म्हणाल्या. "बस."